विहिरीवरचा रोजचा फोटो

मे १९६२. सोमवार, रात्रीचे साडेदहा. घाटंजीच्या बाजारातलं रहमतचं फोटोचं दुकान. मागे काचा धुण्याची अंधारी खोली, आतून कडी लावलेली.

रहमत माझा दोस्त; मी तेव्हा वर्तमानपत्रात बातमीदार. हे त्यानेच मला सांगितलं, आणि खोटं रचण्याइतकी कल्पनाशक्ती त्याच्याकडे नव्हती. त्याचा कॅमेरा फिल्मवर नाही, काचेवर फोटो घ्यायचा; त्या रात्री त्याला सकाळी घेतलेली काच धुवायची होती, एवढंच. रोजचं काम. त्याचं गाव तिथून कोसभर. नाव सांगत नाही. तिथले इज्जतदार लोक अजून इज्जतदारच आहेत. रोज सकाळी गावच्या विहिरीसमोर कॅमेरा उभा करायचा, एक फोटो घ्यायचा आणि मग सायकलने दुकानात यायचं, असा त्याने वर्षभराचा नेम धरला होता. लोक हसायचे.

"अबे रहमत, लग्नाचे फोटो काढ. घागरीचे फोटो कोण इकत घेते?"

"गावाचं एक साल जमा करून राह्यलो," तो म्हणायचा.

कॅमेरा जुना, मंद. जो हलला तो फोटोत धूर होऊन यायचा. त्यामुळे आपलं हे थोर गाव रोज धूर. स्वच्छ यायची ती एकटी पंचफुला. घागर धरून दगडासारखी उभी राहायची. छप्पन साली तिच्या घराने बुद्धधम्म घेतला, आणि ‘विहीर आमची’ हे गावाचं म्हणणं तिने ऐकणं सोडलं.

"रहमतभाऊ, मले धुकट नोको काढू. माहे हात दिसले पाह्यजे, घागर दिसली पाह्यजे. उद्या हेच म्हणतीन, का ही इथं येतच नोहती."

म्हणालेच. एका सकाळी ती विहिरीत सापडली. पंचनामा झाला: घागर नाही, दोर नाही, म्हणजे बाई पाणी भरायला आली नव्हती; नवऱ्याच्या माराला कंटाळून जीव दिला. खाली पाटलापासून पुजाऱ्यापर्यंत सगळ्यांच्या सह्या. नवरा भीमराज कोठडीत.

रहमत सगळ्या काचा घेऊन ठाण्यात गेला. फौजदाराने दोन पाहिल्या.

"मियाँ, बायांचे फोटो काढता? तुम्हालाच आत टाकू का?"

काचा जमा झाल्या. पुन्हा कोणाला दिसल्या नाहीत.

मग भीमराजची आई तुळसाबाई दुकानाच्या पायरीवर येऊन बसली. "एक तरी दे, बापा. पोरगं सुटन माहं."

एकही उरली नव्हती. तरी सोमवारी सकाळी त्याने नेमाने विहिरीचा फोटो घेतला. विहिरीवर कोणी नव्हतं. बाटलेलं पाणी म्हणून गाव फिरकत नव्हतं. बाई मेली त्याचा विटाळ झाला, मारलं त्याचा नाही.

तर, साडेदहा.

लाल कंदील. काच औषधात. हळूहळू विहिरीचे दगड आले. रहाट आला.

मग मधोमध काहीतरी उमटू लागलं...

बाई. स्वच्छ. जराही धूर नाही. काचेवर सगळं उलटं असतं. तोंड काळं, केस पांढरे. दोन्ही हात पुढे केलेले.

हात रिकामे.

रहमत म्हणाला, "पंचफुला...?"

...

मागे टप्प झालं.

पुन्हा. टप्प.

तो वळला नाही. कंदील घेतला. मग वळला.

कडी तशीच लावलेली. दाराशी घागर. काठोकाठ. जमीन ओली होत चाललेली...

तुळसाबाईने सकाळी ती ओळखली. बुडाजवळचा पोचा तिच्याच हातून पडलेला. त्या घागरीने भीमराज सुटला; ती कागदावर आली असती तर पंचनामाच खोटा ठरला असता, म्हणून फौजदाराने घागरीचा विषय न काढता त्याला सोडून दिलं. मी बातमी लिहिली. संपादक म्हणाले, "भुताखेताचं आपण छापत नाही." पंचनामा मात्र त्यांनी शब्दन् शब्द छापला होता.

आणि तुम्ही, पोरांनो? घागर कडी लावलेल्या खोलीत कशी आली, एवढंच विचारणार. विचारा. मला माहीत नाही.

घागरीच्या गळ्याला हातभर दोर होता. तुटलेला नव्हता. विळ्याने कापलेला, सरळ. उरलेला दोर कोणाच्या घरात आहे, हे अजून कोणी सांगितलेलं नाही.