सीटखालची हिरवी नळी

धड्-धड्-धड्-धड्... फुस्स!

उंचवट्यावर चाक चढलं, सीट उसळली आणि आत्याचा ट्रॅक्टर पुन्हा बंद पडला.

"पडला!" कुंपणावर बसलेला ढब्बू ओरडला.

"ओरडतोस काय, बक्षीस लागल्यासारखा!" वकीलताईनं त्याला कोपरानं ढोसलं. ती त्याची थोरली बहीण. दोन वाक्यांत कुणालाही आरोपी करून टाकायची, म्हणून वकीलताई. शेजारी त्यांची चुलतबहीण बारकी बसली होती. ती बोलायची कमी, बघायची जास्त. सुट्टी लागल्या लागल्या तिघंही आत्याच्या शेतावर येऊन धडकली होती.

आत्या सीटवरून उतरलीच नाही. हा म्हातारा ट्रॅक्टर तिनं स्वतः पारखून घेतला होता. आजोबांच्या मागे शेत आपण करायचं, असं ठरवून ती शहरातली नोकरी सोडून आली होती. आणि हा म्हातारा तिलाच दगा देत होता!

बारकीचे बाबा, म्हणजे बाकी दोघांचे काका, तरातरा आले.

"सकाळी मी अख्ख्या शेतात फिरवला. एकदा तरी बंद पडला?"

"नाही पडला, दादा," आत्या म्हणाली.

"मग दोष कुणाचा, तूच सांग! अगं, हे तुझं काम नव्हे. दुपारी भंगारवाला ट्रक घेऊन येतोय. ट्रॅक्टर त्याला देऊन टाकू, शेत मी बघतो. तू निवांत राहा."

पाठोपाठ मेकॅनिक हात पुसत आला. "फिल्टर बदलला, डिझेल गाळलं, पाइपातली हवा काढली. आता फक्त ह्याचे पाय धरायचे राहिलेत!"

काका आणि मेकॅनिक जेवायला घरात गेले. आत्या शेडच्या पायरीवर जाऊन बसली. हात केव्हाच स्वच्छ झाले होते, तरी ती ते फडक्यानं पुसतच होती.

"मला नाही बघवत," ढब्बू हळूच म्हणाला. "तिनं काल माझ्यासाठी झोका बांधला होता गं!"

"मग रडत बसू नकोस, चल!" वकीलताईनं कुंपणावरून उडी मारली. "तोच ट्रॅक्टर, तेच शेत, तेच खड्डे. काकांना चालतो, आत्याला चालत नाही. दोघांत फरक काय?"

"मिशा!" ढब्बू म्हणाला.

"गाढवा!"

"बाबा उतरले की पण बंद पडतो," बारकी म्हणाली.

दोघांनी वळून पाहिलं. "काय म्हणालीस?"

"बाबांना उडी मारून उतरायची खोड आहे. इंजिन चालूच ठेवतात. आई किती ओरडते! आमच्या घरचा ट्रॅक्टर तसाच धडधडत राहतो. हा मात्र बाबा उतरले की गप्प होतो. बाबा म्हणतात, म्हातारा झालाय, दम लागतो त्याला."

वकीलताईनं बोट वर केलं. "काका बसले की चालू. काका उतरले की बंद. आत्या बसली की चालू. आत्या उसळली की..."

"बंद!" ढब्बू किंचाळला. "वजन! काका म्हणजे धान्याचं भरलेलं पोतं आणि आत्या म्हणजे रिकामं!"

तिघंही सीटखाली घुसली. ग्रीस, धूळ, गंजके बोल्ट आणि एक बोटभर जाडीची नळी. ती सीटखालच्या स्प्रिंगपासून निघून पार इंजिनाकडे गेली होती.

"ही तर ट्रॅक्टरचीच असणार," वकीलताई म्हणाली.

बारकीनं केसांतली पिन काढली आणि मडगार्ड जरासं खरवडलं. हिरव्याखाली लाल निघाला, लालखाली निळा. "म्हणजे तीन मालकांनी तीनदा रंगवलाय." मग तिनं नळी खरवडली. हिरवा, आणि खाली नुसतं लोखंड!

"नळी शेवटच्या मालकानं लावलीय!" वकीलताईचे डोळे लकाकले. "आत्याऽऽ!"

आत्यानं मुलांना बाजूला उभं केलं, हँडब्रेक ओढला आणि इंजिन चालू केलं. मग तळहातांनी सीट दाबून धरत ती सावकाश खाली उतरली. धड्-धड्-धड्... इंजिन चालूच! तिनं हात काढला. सीट वर आली, नळीतली तार सर्रकन ओढली गेली. फुस्स!

आत्यानं पुन्हा करून पाहिलं. मग आणखी एकदा. तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरत गेला. "तार इंजिन बंद करायच्या दांडीला जोडलीय," ती म्हणाली. "पोरांनो, मला चालवता येतं!"

तेवढ्यात हात धुऊन पुरुषमंडळी आली. सगळं ऐकल्यावर मेकॅनिक हसला. "एवढंच ना? तार कापली की झालं! माझी पक्कड कुठाय?"

"थांबा!" वकीलताई आडवी आली. "इतक्या निगुतीनं कुणी बसवलीय, तर काहीतरी कारण असेलच! कारण कळल्याशिवाय शिक्षा नाही!"

"अहो वकीलसाहेब, सरका! पक्कड कुठं गेली?"

पक्कड हत्यारांच्या पेटीत होती आणि पेटीवर ढब्बू बसला होता. "माझ्या पायाला मुंग्या आल्यात," तो गोड आवाजात म्हणाला. "उठताच येत नाही!"

"नाटकं पुरेत!" काका ट्रॅक्टरवर चढले. "शेडमध्ये दुसरी पक्कड आहे. तिथंच नेतो ह्याला."

मेकॅनिक शेडचं दार उघडायला पुढे धावला. दाराची कडी गंजली होती. तो पाठमोरा होऊन तिच्याशी झटू लागला. काका ट्रॅक्टर घेऊन त्याच्या मागे येऊन थांबले. "थांब, मी येतो!" म्हणत त्यांनी नेहमीसारखी उडी मारली.

गिअर निघालाच नव्हता! क्लचवरचा पाय सुटताच ट्रॅक्टरनं पुढे हिसका दिला.

"बाबाऽऽ! ट्रॅक्टर!" बारकीची किंकाळी.

फुस्स!

पुढचं चाक मेकॅनिकच्या पाठीपासून वीतभर अंतरावर थांबलं.

मेकॅनिकनं मान वळवून चाकाकडे पाहिलं आणि तो होता तिथंच मटकन बसला. काकांनी दोन्ही हातांनी मडगार्ड धरलं. आत्यानं आधी तिन्ही मुलांना जवळ ओढलं, मग भावाच्या पाठीवर हात ठेवला. "होणार होतं ते टळलं, दादा."

"मिळालं कारण," वकीलताई पुटपुटली. या वेळी तिच्या आवाजात जिंकल्याचा तोरा नव्हता.

शेवटच्या मालकाला आत्यानं फोन लावला. विक्री त्यांच्या पुतण्यानं केली होती, त्यामुळे ती त्यांच्याशी पहिल्यांदाच बोलत होती. म्हातारबाबा सावकाश म्हणाले, "मलाही उडी मारून उतरायची सवय होती, बाळ. एकदा ट्रॅक्टर पुढे गेला. समोर माझी धाकटी मातीत खेळत होती. बायकोनं उचलली म्हणून वाचली. त्या दिवशी मी ते बसवलं. पुतण्यानं सांगितलं नाही होय? स्प्रिंगखाली मोठा नट आहे. मी चांगला गलेलठ्ठ होतो, म्हणून घट्ट आवळलाय. तो सैल करा, तुमच्या वजनाला लागेल."

नट मेकॅनिकनंच फिरवला, जिवापाड जपून. आत्या चढली. ट्रॅक्टर त्याच उंचवट्याकडे निघाला. चाक चढलं, सीट उसळली. ढब्बूनं डोळे मिटून घेतले...

धड्-धड्-धड्-धड्!

"चालतोऽऽय!"

शेताच्या टोकाला वळून आत्या परत आली, उतरली आणि इंजिन आपोआप गप्प झालं. इतक्यात भंगारवाल्याचा ट्रक फाटकाशी आला. "कुठाय माल?"

"माल नाही, घरचा माणूस आहे तो," काका म्हणाले. "चहा घ्या आणि रिकामे जा. शेत माझी बहीण करणार आहे." मग मुलांकडे वळून ते खाली बसले. "तुम्ही तिघं नसता, तर मी आज ती तार कापली असती. शाबास रे! आणि बारके, आईला सांग, बाबा आता पायरीवरूनच उतरणार."

संध्याकाळी शेडमध्ये पिवळ्या रंगाचा अर्धा डबा सापडला. आत्यानं ब्रश बारकीच्या हातात दिला. "पुढच्या मालकाला खरवडत बसायला नको."

बारकीनं सीटखाली ठळक अक्षरांत लिहिलं: 'सीट उचलली की इंजिन थांबतं. हे असंच राहू द्या. यानं माणूस वाचलाय.'

"अजून एक ओळ लिही," ढब्बू म्हणाला. "'काकांनी बसण्याआधी नट घट्ट करावा!'"

सगळ्यांत मोठ्यानं काकाच हसले.