डावखुरा तूफानी

चित्रं उलटी लावली आहेत, हे ताहेराला दारातूनच दिसलं आणि तिचं डोकं सणकलं.

बाहेर रिमझिम चालली होती. कॉलेज रोडवर रिक्षा मिळेना, म्हणून ती ओली ओढणी सावरत त्या हॉलमध्ये शिरली होती. आणि समोर भिंतभर तूफानी! मालेगावच्या नजीर मास्तरांनी रेखाटलेला, ढगांना गुद्दे हाणत निघालेला तिचा लहानपणचा हिरो. त्याच्या झग्याच्या घड्या तरी पाहाव्यात! मागावरून उतरलेलं कापड कसं जड पडतं, ते मास्तरांच्या ब्रशला बरोबर ठाऊक होतं. पण गुद्दा? गुद्दा चक्क उजव्या हातानं!

शिडीवर चढून एक तरुण दिवा नीट करत होता. हे कुणी लावलंय, असं तिनं विचारताच तो उतरला. आपण आवेज, प्रदर्शन आपणच भरवलंय, तुम्ही भिजलात, चहा मागवू का, असं सगळं त्यानं एका दमात सांगितलं.

चहा गेला खड्ड्यात. तूफानी डावखुरा आहे हे अख्ख्या मालेगावला माहीत आहे, चित्रं फिरवून तुम्ही मास्तरांची थट्टा केली आहे, असं तिनं त्याला चांगलंच फैलावर घेतलं. मी इथल्याच शाळेत चित्रकला शिकवते, डावं-उजवं कळतं मला, हेही ऐकवलं. आवेज ऐकत राहिला. मधेच त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू आलं... ते पाहून ती आणखीच भडकली.

"तुम्ही उर्दू अंक वाचलेत ना?" त्यानं हळूच विचारलं.

त्याच्या आजोबांचा इथे नाशकात छापखाना होता. मास्तरांनी ही चित्रं मुळात मराठी अंकासाठी काढली. तिथे हिरोचं नाव होतं वादळ्या. मग मालेगावसाठी उर्दू अंक निघाला. उर्दू उजवीकडून वाचायची, म्हणून आजोबांनी चित्रं फिरवून छापली, आणि वादळ्याचा तूफानी होताना तो डावखुराही झाला.

ताहेरा स्वतः डावखुरी होती. जेवण उजव्या हातानं शिकली, पण पेन्सिल काही त्या हाताला वळली नाही. खाला, म्हणजे मावशी, पेन्सिल हिसकावून उजव्या हातात कोंबायची, तेव्हा ताहेरा तूफानीचं पान पुढे करायची. मागच्या वर्षी मनमाडचं एक स्थळ आलं. मुलगी डावखुरी, घरात बरकत कशी राहणार, म्हणून परत गेलं. त्या दिवशीही तिनं त्याच हिरोकडे बघून डोळे पुसले होते. आणि तो मुळात तसा नव्हताच.

"तुमच्या आजोबांनी फसवलं मला," ती म्हणाली.

आवेजनं समजूत काढली नाही. त्यानं खिशातलं भिंग तिच्या हातात दिलं.

"रागावून जायचं तर जा, पण एक सांगून जा. आमच्या छापखान्यातल्या बाकी सगळ्या चित्रकारांच्या सावल्यांच्या रेघा एकीकडे झुकतात. मास्तरांच्याच तेवढ्या दुसरीकडे... का?"

तिनं भिंग धरलं. झग्याखालच्या सावलीत शाईच्या बारीक रेघा, एकूणएक डावीकडून उजवीकडे उतरत गेलेल्या. तिनं पर्समधून पेन काढलं आणि टेबलावरच्या एका निमंत्रणपत्रिकेच्या पाठीवर सावली भरली. तोच उतार. मग पेन उजव्या हातात घेऊन पाहिलं, तर रेघा वाकड्यातिकड्या आणि उलट्या बाजूला झुकलेल्या.

"मास्तर डावखुरे होते," ती म्हणाली.

"मला वाटायचं, कागद तिरका धरत असतील."

"आणि हिरो उजव्या हाताचा काढला. लोक नावं ठेवतील म्हणूनच ना? हे भिंतीवर लिहा. मोठ्या अक्षरात."

तिला आता मास्तरांच्या वतीनं संताप आला होता, आणि त्या संतापात ती किती छान दिसते, हे सांगायची हिंमत आवेजला झाली नाही.

प्रदर्शन आठवडाभर होतं. शाळा सुटली की ताहेरा रोज यायची. चुका काढायला, असं म्हणायची. दिवा फार जवळ आहे, काचेवर बोटं उमटली आहेत... आवेज निमूटपणे दुरुस्त करायचा आणि दुसऱ्या दिवशी तिला सापडावं म्हणून एखादं चित्र मुद्दाम तिरकं ठेवायचा. ते तिला कळायचं. तरी ती रागवायची.

शेवटच्या संध्याकाळी चित्रं उतरवताना त्यानं तिच्या तळहाताच्या कडेला लागलेली शाई पाहिली. तिनं सवयीनं हात ओढणीत घेतला.

"लपवू नका ना," तो म्हणाला. "आमच्या घरात या हाताला कुणी काही बोलणार नाही. बोललं तर माझ्याशी गाठ आहे. अम्मीला... मालेगावला घेऊन येऊ का?"

"आठ दिवसांच्या ओळखीवर?"

"आठही दिवस तुम्ही मला झापलंत. तेवढी ओळख पुरे आहे."

अशा वेळी चिडायला हवं, हे ताहेराला कळत होतं. काही केल्या जमेना. तिनं त्याच्या खिशातलं पेन काढून घेतलं आणि अब्बांचा नंबर लिहून दिला... डाव्या हातानं, सावकाश, त्याला नीट बघता यावं असा.