आईचा थरथरता हात

भूतबित मी मानत नव्हतो. पण त्या रविवारी संध्याकाळी, माणसांनी भरलेल्या हॉलमध्ये, लख्ख उजेडात जे झालं ते खोटं कसं म्हणू? या कानांनी ऐकलंय.

मी शिल्पकार. भिंतीवर लावायची शिल्पं करतो. त्यात चेहरा, माणूस असं काही नसतं. नुसत्या प्लॅस्टरच्या वळ्या, घड्या, फुगवटे. बघणाऱ्याने हवा तो अर्थ लावावा.

त्या रविवारी ज्याचं उद्घाटन होतं, त्या शिल्पात मात्र एक हात होता. घड्यांमध्ये अर्धा बुडालेला.

आईचा.

तिचा हात सतत थरथरायचा. चहाचा कप बशीवर वाजत राहायचा... खट खट खट. साचा घ्यायचा तर हात स्थिर हवा. म्हणून मी तो फळीला पट्टीने करकचून बांधला.

"सोड रे, दुखतंय."

"आई, गप्प बस ना!" मी खेकसलो.

ती गप्प बसली. महिन्याभरात गेली.

उद्घाटनाला मी माइकवर रुबाबात बोलत होतो. "माणसाला सगळं आपल्या मुठीत हवं असतं. भावनासुद्धा."

टाळ्या झाल्या. थांबल्या...

खट.

खट खट खट.

माझ्या मागच्या भिंतीवरून.

समोर बसलेली ताई पांढरीफटक पडली. "आईचा कप," ती पुटपुटली.

"काहीतरी सैल झालंय वाटतं," कुणीतरी हसलं. मला घाम फुटला. भीतीने नाही, चारचौघांत शोभा होणार म्हणून. याचीच आज जास्त लाज वाटते.

हसत हसत शिल्पापाशी गेलो. त्या हातावर तळवा दाबला. प्लॅस्टर कोमट होतं... आणि थरथरत होतं.

"गप्प बस ना!" मी दातओठ खात म्हणालो.

आवाज थांबला. लगेच. जिवंतपणी ती थांबायची तसाच.

ताईने ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी तिने शिल्प उतरवून आपल्या घरी नेलं. मी कोणत्या तोंडाने अडवणार?

आता तिच्याकडे जाऊन त्या हातासमोर बसतो. "आई, चुकलो. हलव ना हात." हात ढिम्म. ताई सांगते, एरवी दिवसभर वाजतो. तिला त्याची सोबत वाटते.

परवा न कळवता गेलो. जिन्यातच ऐकू आलं...

खट खट खट.

डोळे भरून आले. धावत वर गेलो. बेल वाजवली. तरी आवाज चालूच होता.

"कोण?" ताईने आतून विचारलं.

"मी."

आणि आत सगळं शांत झालं.