आबांची टपालपेटी

माणदेशच्या माळावरच्या अवकाश-टपाल केंद्रात शर्वाणी धायगुडे नव्या सर्व्हरवर जुनी नावं चढवत होती. केंद्राचं टपाल बाहेरच्या कुठल्या कंपनीकडं नव्हतं; सगळा कारभार याच खोलीतल्या यंत्रावर चाले. ‘ध्रुवगामी’ यानावरची माणसं आणि त्यांचे घरचे यांची पत्रं इथूनच जात-येत. यान इतकं लांब गेलं होतं, की प्रकाशाच्या वेगानं निघालेल्या पत्रालाही पोचायला तीन वर्षं लागत.

“आबांचं नाव कशाला चढवतेस?” तिच्या वडिलांच्या नावावर बोट ठेवत सहकारी गिरीधर मोटेनं विचारलं. “त्यांना जाऊन दोन वर्षं झाली.”

“हे आभासी वापरकर्ते आहेत, गिरीधर. यंत्रावर त्यांचं खातं नसतं. तक्त्यात नुसतं नाव आणि त्या नावाची पेटी. माणूस असो-नसो, नाव आहे तोवर पत्र पेटीत पडतं. नाव काढलं, की ‘असा कोणी नाही’ म्हणून परत जातं.”

“मग जाऊ दे. यानावर नागेशला तू कळवलं असशीलच.”

“नाही कळवलं,” ती खालच्या आवाजात म्हणाली. “दर वेळी लिहिते आणि पुसते.”

रविवारी आबा भाकरी बांधून केंद्रात येत. नागेशला, तिच्या धाकट्या भावाला, निरोप सांगताना खुर्चीवरून उठून ओरडत. “आबा, हळू बोला,” ती म्हणायची. “अगं, लांब जायचंय ते!” आबा म्हणत. आता आबा नव्हते, तरी रविवारी ती स्वतःचा डबा आणत नसे.

तिनं आबांचं नाव तक्त्यात चढवलं, पेटीची वाट आपल्या पेटीकडं वळवली आणि सर्व्हर सुरू केला. दुपारच्या टपालात नागेशचं पत्र आलं.

‘आबा, तुम्ही विचारलं होतं, म्हणून सांगतो. इथली मेथीसुद्धा कडूच लागते.’

आणि त्याखाली,

‘अक्का, कदाचित हे तूच वाचत असशील. आबांच्या वयाचा हिशेब मलाही येतो. ते गेले असतील तर लपवू नकोस. तू लगेच कळवलंस तरी माझ्याकडं ते तुझ्यापेक्षा तीन वर्षं जास्त राहतील. तेवढं पुष्कळ झालं.’

शर्वाणीनं पत्राची तारीख पाहिली; तीन वर्षांपूर्वीची होती. गिरीधर बाहेर गेला.

मग तिनं लिहायला घेतलं, ‘नागेश, आबा गेले. पण तू हे लिहिलंस, त्या दिवशी ते होते.’

या वेळी तिनं काही पुसलं नाही.