तपासून घेतलेली गणितं

कात्री टेबलावरून खणकन पडली आणि खोलीतली शांतता मोडली. उचलायला दोघंही एकदमच वाकले.

"खांद्याचं माप राहिलंय," ती म्हणाली. उगीचच.

शर्ट शिवून घ्यायला आलेल्या या माणसाला तिने लगेच ओळखलं. पालकसभेत निवड परीक्षा घेणाऱ्या सरकारी शाळेवर तुटून पडलेले गणिताचे सर ते हेच. "हुशार पोरं वेचून न्यायची, उरलेली आमच्या गळ्यात मारायची!" आणि तिची चिमणी त्याच परीक्षेला बसणार होती. नवरा गेल्यापासून शिलाई मशीनवर घर ओढणाऱ्या तिला मुलीसाठी दुसरी वाट दिसत नव्हती.

कोपऱ्यात चिमणी एका गणिताशी झटत होती. सर क्षणभर थांबले.

"मी शिकवीन हिला. संध्याकाळी येत जाईन."

"फी?"

"नको."

तिथेच तिच्या मनात पाल चुकचुकली. फुकट कशाला? वर्गातली हुशार पोर हातची जाऊ नये म्हणून मुद्दाम चुकीचं शिकवलं तर?

सरांची पाठ वळली की ती वहीतली गणितं आपल्या धाकट्या भावाला दाखवी. "बरोबर आहेत गं ताई," तो वैतागे. तरी तिचा संशय जाईना. सर हसले तर का हसले? गप्प बसले तर... काय शिजतंय? आणि तिने कपाळावरची बट मागे सारली की ते पाहतात ते — छे, चिमणीकडेच पाहत असतील.

"काल एक उत्तर मुद्दाम चुकवलं होतं," एकदा चहाचा कप ठेवत सर मिश्कीलपणे म्हणाले. "तुमच्या भावाने पकडलं का?"

तिचा चेहरा पडला. "तुम्हाला... कोणी सांगितलं?"

"चिमणीच्या पोटात काही राहतं होय?"

"ती शाळा तुम्हाला पटत नाही. मग हिला का तयार करताय?"

"अजूनही पटत नाही. पण माझ्या मतापायी हिला का अडकवू?" सर कपाच्या कानाशी चाळा करत राहिले. "तरी तुमचा संशय अगदीच खोटा नव्हता. ही पास झाली की मला इथे यायला निमित्त उरणार नाही... म्हणून चुकीचं शिकवायचा मोह व्हायचा."

तिने सुईत दोरा ओवायचा प्रयत्न केला. ओवला जाईना.

"निमित्त कोणी मागितलंय," ती पुटपुटली.

निकाल लागला. चिमणीची निवड झाली. दारात सर हातातल्या पेढ्यांइतकेच गोड हसत उभे होते आणि या वेळी, का हसले, असा प्रश्न तिला पडला नाही.

चिमणी मात्र हिरमुसली होती.

"आई, माझ्या बाकावरची मैत्रीण माझ्याहून हुशार आहे. तिचा नंबर नाही लागला. सर तिच्या घरी का नाही गं गेले शिकवायला?"