रातपाळीची झोप

मानसी त्या दुकानात शिरली तीच मुळी भांडायच्या तयारीने. अंधेरीतल्या त्या दुकानात आवाज ऐकायला वेगळी खोली होती, भिंतींना जाड कापड मढवलेली. आत गेलं की कानाला दडे बसल्यासारखं व्हायचं. तिचा नवरा सुबोध माणसाएवढ्या उंच स्पीकरसमोर खुळ्यासारखा उभा होता.

"हे घेऊया?"

"आणि आपण राहायचं कुठे? जिन्यात?" मानसी म्हणाली.

दुकानातला सर्वेश हसला. केस पिकायला लागलेला, शांत माणूस. "वहिनी बरोबर बोलतायत. हॉल दहा बाय चौदाचा म्हणालात ना? त्यात हे म्हणजे खुराड्यात म्हैस बांधल्यासारखं. नुसती गुरगुर ऐकू येईल."

मग त्याने पोह्यांच्या डब्याएवढी एक लहानशी जोडी आणली, दोन उंच स्टँडवर ठेवली, मानसीला समोरच्या खुर्चीत बसवलं आणि एका बाईंचा ख्याल लावला. आवाज आला तो दोन्ही डब्यांतून नाहीच. मधून आला. जिथे काहीच नव्हतं तिथे ती बाई उभी राहून गात होती, श्वास घेत होती.

"तिथे काय ठेवलंय?"

"काही नाही वहिनी. दोन्ही बाजूंनी तिचा आवाज सारखाच येतो, म्हणून कानाला ती मधोमध वाटते. एवढ्या लहान स्पीकरची हीच तर मजा आहे यार."

मानसीचे डोळे भरून आले, आणि डोळे भरले म्हणून तिला पुन्हा राग आला.

मानसीला रागवायला कारण लागत नाही, असं सासरची माणसं म्हणत. साफ खोटं. कारण होतं, एकच होतं, आणि ते अठरा वर्षं त्यांच्या घाटकोपरच्या घरात, हॉलच्या खिडकीखाली, लोखंडी कॉटवर झोपत होतं.

धोंडू मामंजी, तिचे सासरे. गिरणी बंद पडल्यावर पवईला ऑफिसांच्या एका इमारतीत रातपाळीचे वॉचमन झाले. संध्याकाळी सातला डबा घेऊन निघायचे, सकाळी यायचे आणि दिवस मावळेपर्यंत झोपायचे. कष्टाचा माणूस, झोप हवीच, कोण नाही म्हणतंय? पण पंतनगरात डोक्यावरून विमान जायचं तेव्हा भांडी थरथरायची, त्याने त्यांना जाग यायची नाही. कुकरच्या शिट्ट्या, गणपतीचे ढोल, खालचा भाजीवाला, कशानेच नाही. मानसीने स्वयंपाकघरात हलकेच सा लावला की मात्र मामंजी खाकरायचे. एकदाच. ओरडणं नाही, शिवी नाही. नुसतं खाकरायचे, आणि घर गप्प व्हायचं. सुबोध तर लहानपणापासून घरात चवड्यांवर चालायला शिकलेला.

लग्नाच्या पहिल्या वर्षी एका दुपारी ती न थांबता गात राहिली. मामंजींची पुरती झोपमोड झाली. त्या दिवशी त्यांनी खाडा केला. सातला भरून ठेवलेला डबा ओट्यावर तसाच राहिला. एरवी रात्री दोन ताटं लागायची, सुबोधने तिसरं घेतलं. मामंजी जेवले आणि रात्रभर भिंतीला पाठ लावून कॉटवर बसून राहिले, दिवा न लावता, डोळे उघडे ठेवून. सकाळी एवढंच म्हणाले, "माका रातीक जागूचा असता, सूनबाय."

त्यानंतर मानसी गायली नाही. तिची सकाळ शाळेत जायची, संध्याकाळ स्वयंपाकात आणि वह्या तपासण्यात. रियाजाला दुपारच काय ती मोकळी, आणि दुपार मामंजींची.

मागच्या हिवाळ्यात मामंजी गेले. कॉट भंगारवाल्याने नेली. सुबोध म्हणाला, "आता या घरात आवाज आणतो की नाही बघ. तू गायचंस." आणि मुलुंडच्या क्षमाने, तिच्या जुन्या मैत्रिणीने, पाडव्याच्या बैठकीत गाशील का विचारलं तेव्हा मानसी हो म्हणून बसली. गळ्याला गंज चढलेला. आधी चांगलं ऐकायचं, मग गायचं, म्हणून हे स्पीकर.

दुकान बंद करून रात्री आठला सर्वेश स्वतः जोडायला आला. जागा एकच निघाली, खिडकीच्या दोन बाजू. त्याने स्टँडमध्ये वाळू भरली, स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढले, त्यांची तोंडं किंचित सोफ्याकडे वळवली, सोफ्यासमोर सतरंजी अंथरायला लावली. खिडकीखालची जागा मोकळी राहिली. "इथे काही ठेवू नका हां, टीव्हीसुद्धा नको. बाई इथेच उभी राहणार." बाई खरंच तिथे उभी राहिली, आणि असं गायली की सुबोधने मानसीचा हात धरला.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येऊन मानसीने जेवणसुद्धा न करता तोच ख्याल लावला. डावीकडून तबला आला. उजवीकडून हार्मोनियम. बाई आली नाही.

बाईची जागा तेवढी कोरी. समेवर तबला येई, दाद देणारे दाद देत, पण ती कुणाला ते कळायला मार्ग नाही. मानसीने एका बुवांचं गाणं लावलं, ते आलं, खणखणीत. पुन्हा बाई लावली, नाही. डोक्यावरून विमान गेलं, तेही व्यवस्थित ऐकू आलं.

"एखादी तार उलटी लागली असेल," सुबोध फोनवर म्हणाला. "तसं झालं की मधला आवाज पातळ होतो. मी आल्यावर बघतो."

रात्री त्याने लावलं तर बाई हजर. तारा बरोबर होत्या. पुढच्या दुपारी पुन्हा नाही, रात्री पुन्हा हजर.

"दुपारी तू ऐकत-ऐकत झोपतेस गं," सुबोधने चिडवलं. मानसीने त्याच्याकडे असं पाहिलं की तो आमटीत तोंड घालून बसला.

रविवारी दुपारी तिने त्याला सोफ्यावर बसवलं आणि गाणं लावलं. "ऐक. आहे बाई?"

सुबोध ऐकत राहिला. मग त्याने हात लांब करून आवाज कमी केला.

"का कमी केलास?"

"अं? नाही, जरा मोठा होता."

"मोठा होता? जो आवाज येतच नाहीये तो मोठा होता? शरम नाही वाटत? खाकरलं पण नाही रे कोणी, आणि तुझा हात गेला!"

"हळू बोल ना," सुबोध म्हणाला, आणि स्वतःच गोरामोरा झाला.

मानसीने सर्वेशला फोन करून झापलं. रात्री यायचं नाही, भर दुपारी यायचं, आणि स्वतःच्या कानांनी ऐकायचं. सर्वेश आला. तारा बदलल्या, स्पीकरची अदलाबदल केली, स्वतःचा मोबाइल जोडून पाहिला. बाई नाहीच. मग तो हॉलभर टाळ्या वाजवत फिरला. दारापाशी टाळी खण्णकन वाजली. खिडकीखाली आल्यावर मात्र उशीवर थापटी मारावी तशी विझली. त्याने पुन्हा वाजवली. हात खाली घेतले.

"इथे काही मऊ, मोठं असल्यासारखं वाटतंय," तो म्हणाला. "गादी-बिदी होती का?"

"तुम्ही हळू का बोलताय?" मानसीने विचारलं.

सर्वेशच्या ते लक्षातच आलं नव्हतं. त्याने मोठ्याने बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. चहा नको म्हणाला. चपला हातात घेऊन बाहेर पडला, आणि जिना अर्धा उतरल्यावर पायात घातल्या.

मानसी दारात उभी राहून पाहत होती. रात्री बाई येते. दुपारी येत नाही. तिने हिशेब केला नाही, तिला तो आपोआप लागला. संध्याकाळी सातनंतर मामंजी घरात नसायचेच, ड्यूटीवर असायचे. दिवसा झोपायचे.

दुसरी एखादी असती तर घाबरली असती. मानसीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे मेल्यावरसुद्धा? जिवंतपणी अठरा वर्षं दिली ती पुरली नाहीत? सरणावर गेला, दहावं झालं, तेरावं झालं, कॉट भंगारात गेली, आणि तरी झोपायला इथेच!

तिने दार लावलं. स्पीकरवर तानपुरा सुरू केला. सतरंजी ओलांडून खिडकीखाली गेली आणि बरोबर मधोमध उभी राहिली. भीमपलासीची वेळ होती. तिने सा लावला.

तो गळ्यात लागला. छातीत लागला. कानाला आला नाही.

तोंडावर कुणी गोधडी धरावी तसं झालं. तिने जोर लावला.

पाठीमागून कुणीतरी खाकरलं. एकदाच.

तिचा सा आपोआप खाली आला. स्वतःच्या गळ्याचा तिला इतका राग आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"मामंजी," मानसी मागे न वळता म्हणाली, "आता कोणाची राखण करतास तुमी? तुमच्या जागेवर दुसरा वॉचमन लागून वर्ष झालं! उठा आता!"

आणि तिने सरळ वरचा सा घेतला.

आवाज फाटला. मग लागला.

हॉलभर लागला. खिडकीची काच झणझणली. मानसी गात राहिली, गंजासकट, खरखरीसकट, डोळे मिटून.

मागे कॉट करकरली. लांबलचक, झोपलेला माणूस उठून बसताना करकरते तशी.

मग काही नाही. नुसता तानपुरा.

मानसी घामाघूम होऊन सोफ्यावर बसली. तेवढ्यात खालच्या द्रौपदीकाकूंनी खिडकीतून हाक मारली. "मानसी! काय गं, आज एकदम मोकळा सोडलास आवाज! झकास!"

"आता रोज सोडणार काकू!" मानसी ओरडली. ती हसत होती. तिने खिडकीची दोन्ही दारं उघडली, स्वतःसाठी आल्याचा चहा केला, क्षमाला फोन करून सांगितलं की मी येणार, तासभर गाणार, वेळ कमी करू नकोस. संध्याकाळी वह्या तपासतानाही ती गुणगुणत होती.

सुबोध साडेआठला आला. तिने त्याला दारातच सगळं सांगितलं. त्याचा चेहरा उतरला, मग सावरला. "बरं केलंस," तो म्हणाला. "खरंच बरं केलंस. थांब, तुझ्या बाई लावतो."

डावीकडून तबला आला. उजवीकडून हार्मोनियम.

सुबोध वाकून तारा बघायला लागला. "आत्ता तर बाईंचा आवाज लागतो ना गं? रात्री रोज लागतो."

मानसी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने ओट्याकडे पाहिलं, मग खिडकीखालच्या मोकळ्या जागेकडे. तबला समेवर आला. कुणालातरी दाद मिळाली.

"ड्यूटीवर गेले नाहीत आज," ती म्हणाली.

सुबोधने कोण म्हणून विचारलं नाही. स्पीकर बंद केले, चवड्यांवर स्वयंपाकघरात आला, हात धुतले. मांडणीवरून ताटं काढली. दोन काढली, जरा थांबला, आणि तिसरं काढलं.

मानसीने ते त्याच्या हातातून हिसकावलं. आपटायचं म्हणूनच हिसकावलं होतं, असं आपटायचं की साऱ्या इमारतीला ऐकू जावं. तिने हात वर नेला. मग वाकून ते ताट बाकीच्या दोन ताटांशेजारी ठेवलं, आवाज न करता.