लेपाखालचं घर

लेपदर्शकाच्या पडद्यावर निळा ठिपका उमटायला नको होता. तो उमटला.

डॉ. केतकी वैरागडेने पडदा पुसला, यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं आणि गिनीपिगच्या डोक्यावर तपासणीची इवलीशी टोपी दुसऱ्यांदा बसवली. गिनीपिगला या खटाटोपाचं सोयरसुतक नव्हतं. संत्र्याची एक फोड संपवून तो दुसरीची वाट बघत होता. अंगाने गोल आणि रंगाने नुकताच तळून काढल्यासारखा, म्हणून त्याचं नाव बोंडा. नागपुरात आलुबोंड्याखेरीज दुसरं काय सुचणार? ठिपका पुन्हा त्याच जागी उमटला.

"समीरा, यंत्र बिघडलंय."

केतकीची सहकारी समीरा काझी यंत्रांच्या बाबतीत कुणाचंच ऐकून घेत नसे. "यंत्र कालच जुळवलंय, मॅडम. ते ठणठणीत आहे. याला आधीच कुणीतरी लेप दिलाय."

"शक्य नाही. तीन वर्षं हा माझ्याकडे आहे."

"मग त्याच्याही आधी."

केतकी स्टुलावर बसली. ओळखलेप हा तिचाच शोध. घर बदललं की पाळीव प्राणी अन्न सोडतो. कुत्रा चार दिवस रुसून पाचव्या दिवशी वळणावर येतो, पण गिनीपिगला तशी चैन करता येत नाही. त्याचं आतडं सतत चालू राहावं लागतं. एक दिवस पोटात काही गेलं नाही तरी जिवावर बेततं. त्यावर केतकीने उपाय काढला होता. नाकात दोन थेंब टाकायचे, नव्या घरचं वापरलेलं कापड हुंगायला द्यायचं आणि नव्या माणसाचा आवाज तासभर ऐकवायचा. मेंदूतल्या ओळखगाठीवर एक पातळ थर चढतो. सकाळी उठल्यावर प्राण्याला वाटतं, आपला जन्मच या घरात झाला. गेल्या पाच वर्षांत या लेपाने शेकडो मुकी जनावरं सुखरूप परक्या घरी नांदायला लागली होती.

"दुसरा थर चढवला तर?" उत्तर माहीत असूनही केतकीने विचारलं.

"तुमच्याच निबंधात लिहिलंय की. पहिल्यावर दुसरा धरत नाही. दोन्ही निसटतात. जुनं घर आठवत नाही, नवं कळत नाही. मग प्राणी कोपऱ्यात बसून राहतो, तो उठतच नाही."

"आणि विद्रावक वापरून पहिला उतरवला?"

"तर खालचं मूळ घर वर येईल. पण..." समीरा चाचरली. "लेपावर जे काही साठलंय, ते त्याच्याबरोबर वाहून जाईल. तुमची तीन वर्षं."

केतकीला नऊ दिवसांनी चंद्रतळाच्या प्रशिक्षणाला निघायचं होतं आणि पुढे दोन वर्षं वर राहायचं होतं. बोंडा चार वर्षांचा झालेला. गिनीपिग जगून जगून सहा-सात वर्षं जगणार. त्याला मागे ठेवायचं तर नीट ठेवायचं, कुणाच्या तरी गळ्यात बांधून मोकळं व्हायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. महिनाभर तिने घरं पाहिली. मुलीच्या लग्नासाठी स्थळं बघणारा बापही इतका चोखंदळ नसेल. एका घरी तो वाढदिवसाची भेट म्हणून हवा होता. वाढदिवस उलटल्यावर काय, हे कुणी सांगेना. एकांनी त्याला सशाबरोबर ठेवायची तयारी दाखवली, आणि सशाची एक लाथ म्हणजे काय असते हे त्यांना ठाऊक नव्हतं. एकांची बाल्कनी पश्चिमेला होती. नागपूरच्या मे महिन्यात तिथे बोंड्याची भजी झाली असती. शेवटी एक जोडपं पसंत पडलं होतं आणि आज लेप द्यायचा होता. आता त्या घराचा दरवाजा बंद झाला.

पण तिला खुपत होतं ते वेगळंच. निनाद, तिचा नवरा, अपघातात गेला, त्यानंतर दोन महिन्यांनी संस्थेच्या पशुशाळेतून बोंडा तिच्याकडे आला. पहिल्याच दिवशी तिची पावलं ऐकून तो पिंजऱ्याच्या जाळीला लटकून शिट्ट्या मारायला लागला होता. अनोळखी माणसाला बघून बिळात दडी मारणारा प्राणी! 'त्याने मलाच निवडलं,' असं ती तीन वर्षं सगळ्यांना सांगत आली होती. स्वतः लेप शोधून काढणाऱ्या बाईला शंकासुद्धा आली नाही, याची तिला भयंकर लाज वाटली आणि रागही आला.

"नोंदवही आण," ती म्हणाली. प्रत्येक लेपाची हाताने नोंद करायची, हा तिचाच नियम होता. एक नोंद चुकवली म्हणून तिने एका हुशार विद्यार्थ्याला सहा महिने प्रयोगशाळेचं तोंड बघू दिलं नव्हतं. तीन वर्षांपूर्वीची पानं दोघींनी ओळ न् ओळ चाळली. बोंड्याची नोंद नव्हती.

तेवढ्यात देवानंदभाऊ हिरव्या गवताची जुडी घेऊन आत आले. देवानंद नेवारे संस्थेचे पशुपालक होते. प्राण्यांचं चारापाणी, नोंदवहीचं लिखाण, झालंच तर सगळ्यांचे जेवणाचे डबे घासूनपुसून परत पाठवणं, सगळं त्यांच्याकडे. निवृत्तीला आठ महिने उरले होते. त्यांनी गवत पुढे केलं तसा बोंडा नेहमीप्रमाणे मागे सरकून खोक्यात शिरला. केतकी त्याला रोज सोबत प्रयोगशाळेत आणायची, आणि तीन वर्षं रोज सकाळी गवत घालणाऱ्या या हाताला तो असाच घाबरत आला होता. देवानंदभाऊंनी गवत ठेवलं, हात मागे घेतला, आणि मग त्यांची नजर पडद्यावरच्या निळ्या ठिपक्यावर गेली.

ते खोटं बोलले नाहीत. "मीच देल्लं ते, मॅडम."

"काहीच न सांगता? नोंद न करता? माझा वास कुठून आणला?"

"तुमचा अ‍ॅप्रन धुवायले गेल्ता, तो घेतला. आवाज तुमच्या भाषणाचा लावला. एक तास पुरे झाला त्याले."

"आणि हा होता कुणाचा?"

"माह्याच घरचा. प्रयोगातून सुटले तवा हा अन् याची बहीण, दोघंबी मी नेल्ते. गोटू अन् ढेमसी. ढेमसी हाये अजून घरी."

केतकीचा आवाज चढला. "देवानंदभाऊ, सख्ख्या जोडीतला एक तोडून आणलात? का?"

देवानंदभाऊ थोडा वेळ गवताच्या काड्या सारख्या करत राहिले. "साहेब गेले, त्याच्यानंतर तुमचा डबा रोज भरलेलाच वापस जाये. मी पायत होतो ना. भाजी हालत नोती, पोळी हालत नोती. जनावर खाणं सोडते तवा काय करा लागते, हे तं तुमीच शिकोलं आमाले. एकटं ठेवाचं नाई, सोबत द्याची."

समीरा हळूच खिडकीकडे वळली.

"मग नुसता द्यायचा होता. लेप कशाला?"

"नुसता देल्ला असता तं तो पंधरा दिवस बिळातून निंगला नसता. अन् तुमच्यात पंधरा दिवसांचा दम नोता, मॅडम. दुसऱ्याच दिवशी वापस केला असता तुमी."

खरं होतं. केतकीला ते इतकं खरं वाटलं की रागाला धरायला काही उरलं नाही. रोज त्या हातापासून पळणारा बोंडा तिला आठवला. स्वतःच्या हातानं वाढवलेलं जनावर आपल्याला ओळखत नाही, हे या माणसाने तीन वर्षं रोज सकाळी पाहिलं होतं आणि तरी गवत ताजंच आणलं होतं. तिला रडू आलं, आणि तिने ते लपवलं नाही.

मग डोळे पुसून ती उठली. "विद्रावक काढ, समीरा. भाऊ, तुमच्या घरी जाऊ. पण आधी मी घर बघणार."

"बघा ना जी," देवानंदभाऊ म्हणाले.

तिने खरोखरच बघितलं. खोली उत्तरेची, फरशी थंड, उन्हाळ्यासाठी खिडकीत वाळ्याचा कूलर. मांजर नाही. ढेमसी गुबगुबीत, नखं वेळेवर कापलेली. बोंड्याची नसबंदी झालेली होती, त्यामुळे पिल्लांची काळजी नव्हती. तरी दोघांमध्ये आठ दिवस जाळी ठेवायची, एकदम एकत्र सोडायचं नाही, असं तिने दोनदा बजावलं. देवानंदभाऊंनी दोन्ही वेळा मान डोलावली. महिनाभर फिरून तिला याच्याइतकं चांगलं घर सापडलं नव्हतं.

विद्रावकाचे थेंब तिने स्वतः टाकले. समीरा म्हणाली होती, "मी टाकते." केतकी म्हणाली, "नको. माझ्याच हातून जाऊ दे."

वीस मिनिटं बोंडा तिच्या मांडीवर डोळे मिटून पडून राहिला. ती त्याच्या कानामागे खाजवत राहिली, त्याला आवडायचं तसं. मग त्याचं नाक फुरफुरलं. त्याने डोळे उघडले, तिच्याकडे पाहिलं, आणि अंग ताठ करून तो थरथर कापायला लागला. परक्या बाईने पकडलं होतं त्याला. तिने हात सैल सोडले. तो टुणकन उतरला, भिंतीच्या कडेकडेने धावला आणि जाळीपाशी थबकला. पलीकडून ढेमसीने नाक लावलं.

"गोटू," देवानंदभाऊंनी हाक मारली. त्याची तीच शिट्टी, जी केतकीला आपली वाटायची, खोलीभर घुमली. भाऊंच्या तळहातावरची संत्र्याची फोड त्याने हिसकावूनच घेतली. भाऊंनी रिकामा तळहात तसाच पुढे धरून ठेवला.

केतकीने संत्र्याची दुसरी फोड पुढे केली. तो तोंडातली फोड घेऊन खोक्यात शिरला. तिने हात मागे घेतला. हे असंच होणार हे तिला माहीत होतं. सगळे निष्कर्ष तिचेच होते. तरी लागलंच.

मग तिने पिशवीतून नोंदवही काढली.

"मॅडम, आता माही नोकरी..." देवानंदभाऊ अडखळले.

"नोंद करायची राहिली होती. ती मी करतेय, आणि खाली सही माझी राहील. नियम म्हणजे नियम."

तिने आधी आजची ओळ भरली. प्राणी : गोटू. नवं घर : देवानंद नेवारे. शेवटचा रकाना होता, 'कितव्या दिवशी खाल्लं?' तिथे तिने 'त्याच दिवशी' असं लिहिलं. मग मागचं पान उलटून तीन वर्षांपूर्वीच्या तारखेखाली 'उशिरा केलेली नोंद' असं लिहून जुनी ओळ सुरू केली. प्राणी : बोंडा. नवं घर : केतकी वैरागडे.

"कितव्या दिवशी खाल्लं होतं?" तिने मान वर न करता विचारलं.

"बोंड्यानं तं त्याच दिवशी," देवानंदभाऊ म्हणाले. थोडं थांबून ते पुढे म्हणाले, "तुमी चौथ्या. डबा घासायले घेतला अन् पायतो तं रिकामा."

केतकीचं पेन रकान्यावर क्षणभर थांबलं. खोक्यातून फोड खाल्ल्याचा मचमच आवाज येत होता. तिने लिहिलं, 'चौथ्या दिवशी', आणि खाली सही केली.